गुंतलेली जोडी दुरुस्त करता येते का? एंटँगलमेंट बदलण्याचे नियम, नागपूर–मुंबईच्या उदाहरणासह

काही दिवसांपूर्वी नागपूरच्या एका कॉलेजात मी क्वांटम तंत्रज्ञानावर बोलायला गेलो होतो. तासभर बोलून झालं. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही म्हणता की एक फोटॉन नागपुरात ठेवायचा आणि त्याचा जोडीदार मुंबईला पाठवायचा. पण रस्त्यात जोडी खराब झाली, तर इथं बसूनच सुधरवता येते का? फक्त फोन करून?"

मी "हो, येते" म्हणून मोकळा झालो. घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा कळलं, की माझं उत्तर अर्धंच बरोबर होतं. कधी येते, कधी येत नाही, आणि कधी येते पण त्यासाठी दुसऱ्या जोड्यांचा बळी द्यावा लागतो. हे सगळं नेमकं कधी, याचे पक्के नियम आहेत आणि ते हिशेबाने तपासता येतात. क्वांटम माहितीशास्त्रात या विषयाला "एंटँगलमेंटचं रूपांतर" म्हणतात. तिला तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर या लेखात लिहितो आहे. बेरीज-गुणाकार येत असेल तर पुढचं सगळं समजेल.

आधी थोडी उजळणी

क्वांटमवरच्या पुस्तकांत अ आणि ब अशी दोन पात्रं नेहमी असतात. आपण त्यांना अलका आणि बाळू म्हणू. अलका नागपुरात आहे, बाळू मुंबईत. दोघांकडे एकेक क्यूबिट आहे, म्हणजे मोजल्यावर ० किंवा १ असं उत्तर देणारी एक क्वांटम वस्तू. ती फोटॉन असेल, अणू असेल, काहीही.

ही दोन क्यूबिट पूर्णपणे गुंतलेली असतील, तर अलकाला ० आलं की बाळूलाही ० येतो, तिला १ आलं की त्यालाही १. ० येणार की १ हे आधी ठरलेलं नसतं. शक्यता निम्मी-निम्मी.

इथे कुणी म्हणेल, यात काय विशेष? दोन पाकिटांत सारख्याच चिठ्ठ्या घालून पाठवल्या तरी हेच होईल. फरक असा, की क्यूबिट वेगवेगळ्या पद्धतींनी मोजता येतं, आणि गुंतलेल्या जोडीची उत्तरं सगळ्याच पद्धतींत इतकी जुळतात की आधी लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्यांनी ते साधतच नाही. हे प्रयोगाने दाखवणाऱ्या आलाँ आस्पे, जॉन क्लाउझर आणि अँटन झायलिंगर यांना २०२२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

एक गैरसमज इथेच दूर करू. एंटँगलमेंटने प्रकाशापेक्षा वेगाने निरोप जात नाही. अलकाला ० आला, हे बाळूला कळवायचं तर फोनच करावा लागतो. मात्र फोनच्या जोडीला एंटँगलमेंट असेल, तर नुसत्या फोनने न होणारी कामं होतात. टेलिपोर्टेशन हे त्यातलं एक: १९९३ मध्ये मांडलेल्या या युक्तीत एक पूर्ण गुंतलेली जोडी आणि दोन बिटांचा साधा निरोप खर्चून एका क्यूबिटची अवस्था दुसरीकडे नेता येते. जोडी त्यात संपते. म्हणून एंटँगलमेंटकडे पेट्रोलसारखं बघा. ते वापरलं की संपतं, आणि म्हणूनच किती आहे, कोणत्या दर्जाचं आहे, एकातून दुसरं बनतं का, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

जोडी पोचवणं इतकं महाग का?

नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे, असा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. जून २०२५ मध्ये तो पूर्ण खुला झाला. समजा त्याच्या कडेने उत्तम दर्जाची ऑप्टिकल फायबर टाकली आणि अलकाने नागपुरातून फोटॉन सोडला.

चांगल्या फायबरमध्ये दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल प्रकाश कमी होतो. म्हणजे दर ५० किलोमीटरला दहा फोटॉनपैकी एकच उरतो. ७०० किलोमीटरमध्ये असे १४ टप्पे. दहातला एक, त्याच्या दहातला एक, असं चौदा वेळा. म्हणजे एकावर चौदा शून्यं इतके फोटॉन सोडावे तेव्हा एक पोचणार. अलकाने सेकंदाला एक अब्ज फोटॉन सोडले तरी एक लाख सेकंदांत सरासरी एक पोचेल. एक लाख सेकंद म्हणजे जवळजवळ २८ तास. तेवढ्या वेळात नागपूर–मुंबई गाडी जाऊन परतही येईल.

तुमच्या इंटरनेटचा प्रकाशही असाच कमी होतो, पण वाटेत अ‍ॅम्प्लिफायर बसवून तो पुन्हा वाढवतात. क्वांटम अवस्थेचं तसं करता येत नाही. अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हा निसर्गाचाच नियम आहे. त्यामुळे पोचली ती जोडी मोलाची, आणि ती थोडी बिघडलेली असेल तर फेकून देणं परवडत नाही. त्या मुलीच्या प्रश्नाचं वजन इथे आहे.

उपग्रहाचा मार्ग थोडा बरा आहे. चीनच्या मिशियस उपग्रहाने २०१७ मध्ये १२०३ किलोमीटर अंतरावरच्या दोन केंद्रांना गुंतलेले फोटॉन पोचवले. उपग्रहावर सेकंदाला ५९ लाख जोड्या तयार होत होत्या. जमिनीवर हाती लागत होती सेकंदाला साधारण एक.

खेळाचे नियम: आपापल्या जागी काहीही, वर फोन

आता जोडी पोचली आहे असं धरू. अलका आणि बाळू काय काय करू शकतात?

पहिलं, प्रत्येकाला आपल्या प्रयोगशाळेत, आपल्या क्यूबिटवर काहीही करायची मुभा आहे: फिरवा, मोजा, बाजूला आणखी क्यूबिट आणून जोडा. दुसरं, एकमेकांना हवे तितके फोन करा. नवीन क्यूबिट मात्र एकमेकांना पाठवायचं नाही. या नियमसंचाला "लोकल ऑपरेशन्स अँड क्लासिकल कम्युनिकेशन", थोडक्यात एलओसीसी म्हणतात.

पहिली गोष्ट ही, की या नियमांत राहून शून्यातून एंटँगलमेंट तयार होत नाही, आणि आहे ते सरासरीने वाढतही नाही. ते फार तर टिकतं किंवा घटतं. मग उरतो प्रश्न रूपांतराचा: आहे त्या जोडीतून हवी ती जोडी बनवता येईल का?

वाटणीचा नियम

आत्ता फक्त "शुद्ध" जोड्यांचा विचार करू, म्हणजे ज्यांच्यात बाहेरचा गोंगाट मिसळलेला नाही. अशा प्रत्येक जोडीची ओळख काही आकड्यांच्या यादीने होते. आकड्यांची बेरीज नेहमी १.

- पूर्ण गुंतलेली जोडी: ०.५, ०.५
- अर्धवट गुंतलेली जोडी: ०.८, ०.२
- अजिबात न गुंतलेली: १, ०

दुसऱ्या जोडीत दोघांना ० येण्याची शक्यता ८० टक्के आणि १ येण्याची २० टक्के. तिसरीत दोघांना ० येणार हे ठरलेलंच आहे, मग गुंतण्यासारखं काही उरत नाही. वाटणी जितकी समसमान, तितका गुंता जास्त.

१९९९ मध्ये मायकेल नील्सन या ऑस्ट्रेलियन भौतिकशास्त्रज्ञाने एक सुंदर प्रमेय सिद्ध केलं. त्याचं म्हणणं असं: दोन्ही जोड्यांचे आकडे मोठ्यापासून लहानापर्यंत मांडा. मग चढती बेरीज करा: पहिला, पहिले दोन, पहिले तीन, असं. प्रत्येक पायरीवर सुरुवातीच्या जोडीची बेरीज हव्या असलेल्या जोडीच्या बेरजेपेक्षा कमी किंवा तेवढीच असेल, तर रूपांतर शंभर टक्के खात्रीने होतं. एका जरी पायरीवर जास्त झाली, तर खात्रीने होत नाही.

गणितात या तुलनेला मेजरायझेशन म्हणतात, आणि ती क्वांटमच्या आधीची आहे. १९०५ मध्ये मॅक्स लॉरेंझने संपत्तीची विषमता दाखवायला जो वक्र काढला, त्यात हीच चढती बेरीज आहे. आपल्याकडे जमिनीची वाटणी होते तेव्हा चार भावांत कुणाला किती, हे बघून आपण "ही वाटणी त्यापेक्षा जास्त विषम" म्हणतो, तसंच हे. नील्सनचा नियम आपल्या भाषेत सांगायचा तर: फोनवरून समसमान वाटणीची विषम वाटणी करता येते, विषमची समसमान खात्रीने करता येत नाही.

म्हणजे ०.५–०.५ वरून ०.८–०.२ ला जाता येतं. कसं, ते बघण्यासारखं आहे. अलका आपल्या क्यूबिटवर एक हलकं मोजमाप करते. पूर्ण मोजलं तर गुंता तुटेल, म्हणून अर्धवट मोजायचं, नुसतं चाचपल्यासारखं. त्यातून दोनच गोष्टी होऊ शकतात, दोन्हींची शक्यता सारखी. एकीत जोडी ०.८–०.२ होते, म्हणजे ० कडे झुकते. दुसरीत ती तितकीच १ कडे झुकते. दुसरं झालं तर अलका फोन करून सांगते, "बाळू, उलट पडलं, तुझ्याकडचे ० आणि १ अदलाबदल कर," आणि स्वतःही तेच करते. दोन्ही वेळा शेवटी हवी तीच जोडी हाती. फोन नसता तर बाळूला उलट पडल्याचं कळलंच नसतं.

उलट दिशेला गेलो तर?

०.८–०.२ वरून ०.५–०.५ खात्रीने मिळत नाही. पण नशिबाला संधी देता येते. गिफ्रे व्हिदाल याने त्याच वर्षी या नशिबाचं नेमकं सूत्र दिलं. आपल्या उदाहरणात शक्यता येते ४० टक्के. दहापैकी चार वेळा पूर्ण गुंतलेली जोडी, उरलेल्या सहा वेळा गुंता पार मोडतो. जमलं की नाही ते लगेच कळतं, हाच काय तो दिलासा.

एकमेकांत न बदलणाऱ्या जोड्या

दोन आकड्यांच्या याद्यांत एक यादी नेहमी दुसरीपेक्षा जास्त किंवा तितकीच समसमान असते. आकडे वाढले की गंमत सुरू होते. १९९९ मध्येच डॅनियल जोनाथन आणि मार्टिन प्लेनिओ यांनी दिलेलं हे उदाहरण बघा.

- पहिली: ०.४, ०.४, ०.१, ०.१. चढती बेरीज: ०.४, ०.८, ०.९, १
- दुसरी: ०.५, ०.२५, ०.२५, ०. चढती बेरीज: ०.५, ०.७५, १, १

पहिल्या पायरीवर ०.४ हा ०.५ पेक्षा कमी, ठीक. दुसऱ्या पायरीवर मात्र ०.८ हा ०.७५ पेक्षा जास्त. नियम मोडला. उलट दिशेने तर पहिल्याच पायरीवर अडतं. म्हणजे पहिलीची दुसरी होत नाही, दुसरीची पहिली होत नाही. "कुणात एंटँगलमेंट जास्त?" या प्रश्नाला इथे एकच सरळ उत्तर नाही.

आता खरी करामत. अलका आणि बाळू एका मित्राकडून आणखी एक जोडी उसनी आणतात, ०.६–०.४ अशी. ती पहिलीबरोबर एकत्र धरली की प्रत्येक आकड्याला ०.६ आणि ०.४ ने गुणून नवीन आठ आकडे मिळतात. मोठ्यापासून लहान मांडून बेरीज केली की:

- पहिली आणि उसनी: ०.२४, ०.४८, ०.६४, ०.८०, ०.८६, ०.९२, ०.९६, १
- दुसरी आणि उसनी: ०.३०, ०.५०, ०.६५, ०.८०, ०.९०, १, १, १

एकेक पायरी तपासा. वरचा आकडा कुठेच खालच्यापेक्षा मोठा नाही. म्हणजे रूपांतर खात्रीने होतं, आणि उसनी आणलेली ०.६–०.४ जोडी जशीच्या तशी परत करता येते. दहावीच्या रसायनशास्त्रात आपण उत्प्रेरक शिकलो, जो अभिक्रिया घडवतो पण स्वतः खर्ची पडत नाही. हे त्याचंच क्वांटम रूप. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा विश्वास बसला नाही, म्हणून वरचे सोळा आकडे वहीत मांडून बघितले. तुम्हीही बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

किरकोळ भाव आणि ठोक भाव

आतापर्यंत एकेका जोडीचा हिशेब केला. पण नागपूरकरांना सांगायला नको, की किरकोळ घेतलं तर एक भाव आणि इतवारीत ठोकने घेतलं तर दुसरा.

समजा अलका-बाळूकडे ०.८–०.२ च्या १००० जोड्या आहेत. एकेक करून नशीब आजमावलं तर ४० टक्के, म्हणजे साधारण ४०० पूर्ण जोड्या मिळतील. सगळ्या जोड्यांवर एकत्र प्रक्रिया केली तर मात्र सुमारे ७२२ मिळू शकतात, आणि जोड्यांची संख्या वाढत जाईल तसा हा दर पक्का होत जातो. ०.७२२ हा आकडा माहितीशास्त्रातल्या एन्ट्रॉपीच्या सूत्रातून येतो. चार्ल्स बेनेट, हर्बर्ट बर्नस्टीन, सँडू पोपेस्कू आणि बेंजामिन शूमाकर यांनी १९९६ मध्ये हे दाखवलं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ठोक व्यवहारात उलटा दरही तोच आहे. ७२२ पूर्ण जोड्यांपासून पुन्हा साधारण १००० जोड्या ०.८–०.२ च्या बनवता येतात. दलाली नाही, घट नाही. शुद्ध जोड्यांच्या बाबतीत एंटँगलमेंट हे चलनासारखं वागतं, आणि एका आकड्यात त्याची किंमत सांगता येते. मघाशी ज्या दोन जोड्यांची तुलनाच होत नव्हती, त्यांचाही ठोक भाव ठरतो.

गोंगाट मिसळला की हिशेब बदलतो

आता खऱ्या जगात या. रस्त्यात जोडी नुसती विषम होत नाही, तिच्यात गोंगाट मिसळतो. कुठल्या जोडीत काय बिघडलं तेही माहीत नसतं. अशा जोडीचा दर्जा "शुद्धता" या आकड्याने मोजू: १०० टक्के म्हणजे परिपूर्ण. सगळ्या दिशांनी सारखाच गोंगाट मिसळला असेल, तर शुद्धता ५० टक्के किंवा त्याखाली गेल्यावर गुंता उरतच नाही.

७०० किलोमीटर एका दमात जमत नाही, म्हणून शंभर-शंभर किलोमीटरचे सात टप्पे करा. नागपूर, वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाणा, जालना असे जिल्हे ओलांडत वाटेत सहा नाके. शंभर किलोमीटरमध्ये शंभरातला एक फोटॉन पोचतो, म्हणजे एक अब्जातले एक कोटी. हे झेपणारं आहे. प्रत्येक टप्प्यावर एकेक जोडी तयार करून क्वांटम मेमरीत सांभाळायची. मग नाक्यावर दोन शेजारच्या जोड्यांची टोकं एकत्र मोजायची आणि निकाल फोनने कळवायचा. त्याबरोबर दूरची दोन टोकं आपसात गुंततात, जरी ती कधी भेटलेलीच नसली. याला एंटँगलमेंट स्वॅपिंग म्हणतात. कल्पना १९९३ ची, प्रयोग १९९८ चा.

पण प्रत्येक जोडणीत गोंगाट साठत जातो. प्रत्येक टप्प्याची जोडी ९५ टक्के शुद्ध असली आणि नाक्यांवरची यंत्रं अगदी निर्दोष असली, तरी सात टप्पे जोडल्यावर नागपूर–मुंबई जोडी जेमतेम ७१ टक्के शुद्ध उरते. असेच टप्पे वाढवत गेलात तर पंधरापर्यंत काहीतरी गुंता शिल्लक राहतो. सोळाव्याला शुद्धता ५० टक्क्यांच्या किंचित खाली जाते आणि सगळं मुसळ केरात.

मग दुरुस्ती: डिस्टिलेशन

तर त्या मुलीचा प्रश्न. ७१ टक्के शुद्ध अशी एकच जोडी असेल, तर आपापल्या जागी काहीही करा, कितीही फोन करा, या प्रकारच्या गोंगाटात तिची शुद्धता वाढत नाही. हे १९९८ मध्ये सिद्ध झालं.

अशा दोन जोड्या असतील तर मात्र मार्ग आहे. अलका आपल्याकडची दोन क्यूबिट एकमेकांवर एका ठराविक क्रियेतून नेते, बाळू आपल्याकडची. मग दोघं दुसरी जोडी मोजून टाकतात आणि फोनवर निकाल जुळवतात. जुळला तर पहिली जोडी ठेवायची, नाही जुळला तर तीही टाकून द्यायची. दुसरी जोडी साक्षीदारासारखी वापरली गेली. आपल्या आकड्यांत हा निकाल सुमारे ६९ टक्के वेळा जुळतो, आणि जुळला की उरलेली जोडी ७१ वरून जवळजवळ ७५ टक्क्यांवर जाते. अशा ७५ वाल्या दोन घेऊन पुन्हा तेच केलं की सुमारे ७९. पायरी-पायरीने चढत जायचं. बेनेट आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ही पद्धत मांडली. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या प्रयोगशाळेने २०१७ मध्ये हिऱ्यातल्या क्यूबिटवर, दोन वेगळ्या केंद्रांमध्ये, डिस्टिलेशन करून दाखवलं.

किंमत बघा. प्रत्येक पायरीला निम्म्याहून जास्त जोड्या खर्ची पडतात. म्हणून प्रत्यक्षातल्या आराखड्यात सगळे टप्पे जोडून मग दुरुस्ती करत नाहीत, मध्येमध्ये करत जातात: दोन टप्पे जोड, स्वच्छ कर, पुढे जोड. कुठे किती वेळा स्वच्छ करायचं, हाच क्वांटम रिपीटरच्या रचनेतला मोठा हिशेब आहे.

जे कधीच परत मिळत नाही

सगळ्या गुंत्याची अशी दुरुस्ती होते का? दोन क्यूबिटांच्या जोडीत थोडा जरी गुंता उरला असेल, तर पुरेशा जोड्या घेऊन तो गाळून काढता येतो. पण मोठ्या प्रणालींत, उदाहरणार्थ दोघांकडेही तीन-तीन पातळ्यांच्या वस्तू असतील, तर १९९८ मध्ये एक धक्का बसला. पोलंडचे मिखाल, पावेल आणि रिशार्ड होरोडेत्स्की यांनी (रिशार्ड वडील, बाकी दोघे मुलगे) अशा अवस्था दाखवल्या ज्या गुंतलेल्या तर आहेत, पण कितीही प्रती घ्या, त्यातून एकही पूर्ण जोडी निघत नाही. त्यांना "बांधलेलं एंटँगलमेंट" म्हणतात. बनवताना मात्र खऱ्या जोड्या खर्चाव्या लागतात. पैसे आत जातात, बाहेर येत नाहीत.

तिघांत गुंता असेल तर वेगळीच अडचण. नागपूर, पुणे, मुंबई अशा तीन केंद्रांत दोन प्रकारे खरा गुंता घालता येतो. "जीएचझेड" प्रकारात एक केंद्र गळलं की उरलेल्या दोघांमधला गुंता संपतो. "डब्ल्यू" प्रकारात थोडा उरतो. २०००मध्ये ड्यूर, व्हिदाल आणि सिराक यांनी दाखवलं, की तिघांकडे एकेक क्यूबिट असेल तर एकाची एक प्रत घेऊन दुसरा प्रकार बनवण्याची शक्यता शून्य आहे. तेव्हा जाळं उभारण्याआधीच ठरवावं लागतं, की आपल्याला कोणता प्रकार हवा.

उष्णतेच्या शास्त्रात दुसरा नियम आहे: एन्ट्रॉपी बघा आणि कोणतं रूपांतर शक्य ते सांगा. एंटँगलमेंटलाही असा एकच आकडा मिळेल का, यावर तीस वर्षं वाद चालू आहे. २००८ मध्ये ब्रांदाओ आणि प्लेनिओ यांनी म्हटलं की नियम जरा सैल केले तर मिळतो. पुढे त्यांच्या सिद्धतेत फट सापडली. २०२३ मध्ये लामी आणि रेगुला यांनी दाखवलं, की जराही नवा गुंता न निर्माण करणाऱ्या क्रियांपुरतं बोलायचं तर गोंगाटाच्या अवस्थांचं रूपांतर उलट फिरवता येत नाही. २०२४ मध्ये ती जुनी फट दोन स्वतंत्र सिद्धतांनी बुजवली गेली. म्हणजे उत्तर तुम्ही कोणते नियम मान्य करता यावर अवलंबून. आपल्या अलका-बाळूचे नियम, म्हणजे आपापली जागा आणि फोन, हे तर सगळ्यात कडक. तिथे घट ही होतेच.

आपल्याकडे काय चाललंय?

जानेवारी २०२३ मध्ये १०८वी इंडियन सायन्स काँग्रेस नागपूर विद्यापीठात भरली होती. तिच्या उद्घाटनाच्या भाषणात पंतप्रधानांनी क्वांटम संगणन आणि क्वांटम संवादाचा खास उल्लेख केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राने ६००३.६५ कोटी रुपयांच्या नॅशनल क्वांटम मिशनला मंजुरी दिली. शहरा-शहरांत २००० किलोमीटरपर्यंत क्वांटम किल्लीची देवाणघेवाण, आणि क्वांटम मेमरी असलेलं अनेक केंद्रांचं जाळं, ही त्याच्या उद्दिष्टांपैकी काही. जून २०२५ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने एक किलोमीटरहून जास्त अंतरावर, मोकळ्या हवेतून, गुंतलेल्या फोटॉनच्या मदतीने सेकंदाला सुमारे २४० बिट वेगाने गुप्त किल्ली तयार करून दाखवली. एक किलोमीटर आणि सातशे किलोमीटर यांच्यामधली दरी म्हणजेच हा सगळा लेख.

सिद्धांताच्या बाजूला मराठी मुलखात काम झालेलं आहे. फिजिक्सच्या विद्यार्थ्यांना "राणा आणि जोग" हे क्लासिकल मेकॅनिक्सचं पुस्तक माहीत असेल. त्यातले प्रमोद जोग पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी अली सैफ हसन यांनी २००८ च्या सुमारास अनेक कणांतला गुंता कसा ओळखायचा आणि मोजायचा यावर शोधनिबंध लिहिले. रूपांतराचा हिशेब करायचा तर आधी मोजमाप हवंच.

थोडक्यात

त्या मुलीला पुन्हा भेटलो तर असं सांगेन:

- जोडी नुसती विषम झाली असेल आणि एकच असेल, तर खात्रीने दुरुस्त होत नाही, नशिबाने होऊ शकते. नशीब किती, ते मोजता येतं.
- अशा भरपूर जोड्या असतील, तर ठोक भावाने हिशेब जवळजवळ पूर्ण वसूल होतो.
- गोंगाट मिसळला असेल आणि एकच जोडी असेल, तर फोनचा उपयोग नाही. अनेक असतील तर काहींचा बळी देऊन उरलेल्या सुधारता येतात.
- गुंता एकदा पूर्ण गेला, तर कितीही फोन केले तरी परत येत नाही. जोडी पुन्हा पहिल्यापासून पाठवावी लागते.

त्या दिवशी "हो, येते" एवढंच म्हणालो होतो. "हो, येते, पण आधी किती जोड्या आहेत ते सांग" असं म्हणायला हवं होतं.